दुःखाचा अर्थ कोणी लावावा?

आमच्या एका वाचक भगिनीचे पत्र गेल्या महिन्यात आम्हांस आले. ओळख पटेल असा सर्व मजकूर वगळून त्यातील हकीकत येथे देण्यास त्यांनी अनुमती दिली आहे. घर एकत्र आहे. पतिपत्नी, दोन विवाहित मुलगे, दोन सुना आणि थोरल्याची एक लहान मुलगी असा परिवार. धाकट्या सुनेला चार महिन्यांपूर्वी मुलगा झाला आणि नवव्या दिवशी तो गेला. बारशाची तयारी झाली होती. पत्रलेखिकेच्या सासऱ्यांचे नाव ठेवावयाचे असे सर्वानुमते ठरले होते. आता चार महिने होऊन गेले तरी सून खोलीबाहेर फारशी येत नाही. विचारल्यास उत्तर देते, ताट पुढे केले तर चार घास खाते आणि पुन्हा खिडकीशी जाऊन बसते. घरात तिला कोणी उणे बोलत नाही. सासूबाईंनी तिला दासबोध वाचावयास दिला. पहिल्या दशकाच्या पुढे पान उलटलेले नाही. ‘या दुःखातही काही अर्थ आहे हे तिला पटावे, झाले ते तिने स्वीकारावे आणि पुन्हा संसारात लक्ष घालावे, यासाठी तिला काय सांगावे ते आपल्या सदरातून लिहावे,’ अशी त्यांची मागणी आहे. पत्राच्या अखेरीस आणखी एक प्रश्न आहे; त्याकडे मागाहून वळू.

पत्र वाचून प्रथम मनात आले ते हे की, लिहिणारी बाई मायाळू आहे. सुनेच्या दुःखाने ज्या सासूची झोप उडते, त्या घराविषयी फार चिंता करण्याचे कारण नाही. तरीपण ‘काय सांगावे’ या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी, ‘सांगावे काय?’ हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.

कोणाच्या घरी मृत्यू झाला म्हणजे आपण समाचाराला जातो. ही रीत उत्तम आहे. परंतु तेथे जाऊन बसल्यावर जी शांतता पसरते ती आपल्याला सोसत नाही, आणि मग आपण बोलू लागतो. ‘ईश्वर करतो ते बऱ्यासाठीच.’ ‘तेवढाच ऋणानुबंध होता.’ ‘अजून लहान आहात, पुन्हा होईल.’ यांतील शेवटचे वाक्य तर आम्ही इतक्या घरी इतक्या वेळा ऐकले आहे की, ते बोलणाऱ्याला आपण काय बोललो हेही कळत नसावे. ज्या आईचे मूल गेले तिला दुसरे मूल नको आहे. तिला तेच हवे आहे. ही वाक्ये बहुधा बोलणाऱ्याच्याच उपयोगी पडतात. दुसऱ्याच्या दुःखापुढे निरुत्तर होऊन बसणे ही मोठी कठीण गोष्ट आहे, आणि त्या कठीणपणातून सुटण्यासाठी आपण वेदान्ताचा आधार घेतो.

आता वेदान्ताचाच विषय निघाला आहे, तर आपल्या घरोघरी असलेल्या गीतेचे पहिले पान उघडून पाहावे. पहिल्या अध्यायाचे नाव अर्जुनविषादयोग. विषादालाही येथे योग म्हटले आहे, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. सत्तेचाळीस श्लोकांच्या या अध्यायात भगवंत किती बोलतात? अर्धा श्लोक. येथे जमलेल्या या कौरवांना पाहा, एवढेच ते म्हणतात. पुढे सर्व बोलणे अर्जुनाचे आहे, आणि सारथी ते ऐकून घेत आहे. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी भगवंत त्याला दोन श्लोकांत कडक शब्द सुनावतात खरे. परंतु त्याचा परिणाम काहीच होत नाही. अर्जुन पुन्हा आपली व्यथा सांगतो, मी तुझा शिष्य आहे, मला मार्ग दाखव, असे म्हणतो आणि मी लढणार नाही असे सांगून गप्प बसतो. त्यानंतर खरा उपदेश सुरू होतो. म्हणजे मागितल्यावाचून दिलेले कडक शब्द साक्षात भगवंताचे असूनही वाया गेले, आणि मागितल्यावर दिलेल्या उपदेशाची गीता झाली.

आणखी एक गोष्ट. ही गीता ऐकून तेरावा दिवस उजाडला तो अभिमन्यूच्या मृत्यूचा. त्या संध्याकाळी शिबिरात परतलेल्या अर्जुनाने जो विलाप केला त्याचे वर्णन द्रोणपर्वात आहे. आत्मा मरत नाही हे ज्याला प्रत्यक्ष भगवंताने सांगितले, तो बापही मुलासाठी रडला. आणि त्याला गीतेची आठवण देऊन ‘रडू नकोस’ म्हणून कोणी लाजवले नाही. मग ज्या मुलीने दासबोधाची काही पानेच चाळली आहेत, तिने चार महिन्यांत सावरावे, ही अपेक्षा थोडी जास्तच नव्हे काय?

येथे आमचे वाचक विचारतील की, दुःखातून अर्थ सापडतो ही गोष्ट खोटी म्हणावयाची काय? मुळीच नाही. तुकोबांचे उदाहरण घ्या. १६३० च्या सुमारास महाराष्ट्रात जो भीषण दुष्काळ पडला त्यात त्यांचे दिवाळे निघाले आणि पहिली पत्नी अन्नावाचून गेली. आपल्या एका आत्मचरित्रपर अभंगात ही सर्व हकीकत त्यांनी स्वतः, कोणताही आडपडदा न ठेवता सांगितली आहे. लोकांत तोंड दाखवण्याची लाज वाटू लागली हेही ते लपवीत नाहीत. आणि मग पुढे काय झाले? आकाशवाणी झाली नाही. देवाचे देऊळ मोडकळीस आले होते, ते नीट करावेसे मनात आले, असे ते म्हणतात. दगडमातीचे काम! संतपदाकडे जाणारी ती वाट एका पडक्या देवळाच्या दुरुस्तीतून निघाली. दुःखाने होरपळलेल्या माणसाला प्रथम अर्थ सापडत नाही. प्रथम सापडते ते हाताजवळचे एखादे काम, तेही ते काम त्याच्याच मनात आले असेल तर.

याच तुकोबांनी दुसऱ्या एका अभंगात, दिवाळे निघाले ते बरेच झाले, दुष्काळाने पीडा केली तीही बरी झाली, असे म्हटले आहे. हा अभंग आपण कीर्तनात ऐकतो आणि माना डोलावतो. परंतु तो म्हणणारा कोण, हे विसरून चालावयाचे नाही. ज्याची बायको उपाशी मेली त्याने, पुष्कळ काळानंतर, स्वतःविषयी काढलेले ते उद्गार आहेत. हेच शब्द देहूच्या एखाद्या शेजाऱ्याने दुष्काळाच्या त्या वर्षी त्यांच्या ओट्यावर बसून उच्चारले असते तर? तेव्हा शब्द तेच, पण त्यांना आपण निर्दयपणा म्हटले असते. ‘बरे झाले’ असे म्हणण्याचा अधिकार ज्याचे गेले त्याचा. तो दुसऱ्या कोणाकडे, अगदी सासू, आई, गुरू यांच्याकडेही, जात नाही. तुकोबा ते म्हणू शकले. सर्वांना म्हणता येईलच असे नाही, आणि ज्यांना कधीच म्हणता आले नाही त्यांच्यात काही उणे आहे असेही नाही.

आता या घरातील दुःखाकडे येऊ, कारण ते सर्वसाधारण मृत्यूच्या दुःखाहून थोडे वेगळे आहे. वडीलधारे माणूस गेले म्हणजे आपल्याकडे दहा दिवस, बारावा, तेरावा, मासिक, वर्षश्राद्ध अशी एक बांधलेली वाट असते. त्या विधींवर कोणाची श्रद्धा असो वा नसो, त्यांचा एक उपयोग निर्विवाद आहे. ते दुःखाला तिथी देतात. त्या दिवशी सर्व घर एकत्र बसते, गेलेल्याचे नाव घेते, त्याच्या आवडीचा पदार्थ होतो आणि रडावयाचे असेल त्याला रडण्यास जागा मिळते. परंतु तान्ह्या मुलाला यांतले काहीच नाही. दोन वर्षांच्या आतील मूल पुरावे, त्याला अग्नी आणि उदक देऊ नये, असे मनुस्मृतीत आहे आणि याज्ञवल्क्यस्मृतीतही आहे. ज्या काळी घरोघरी मुले जात, त्या काळी ही सूट कदाचित दयेपोटीच दिली गेली असेल. दर वर्षी श्राद्धे करावयाची तर आईचे सारे आयुष्य श्राद्धांतच गेले असते. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, या एका दुःखाला घरात तिथी उरली नाही, ताट उरले नाही, आणि या मुलाचे तर बारसेही न झाल्यामुळे नावदेखील उरले नाही. घराने त्याचे नऊ दिवस मोजले आणि दप्तर बंद केले. आईने मात्र नऊ महिने आणि नऊ दिवस मोजलेले आहेत.

घराच्या हिशेबातून असे मूल गळते, पण आईच्या हिशेबातून गळत नाही, याची साक्ष आपल्या जुन्या आजीबाई देत. ‘तुम्हांला मुले किती?’ असे विचारले तर त्या ‘चार’ म्हणत नसत. ‘सात झाली, चार राहिली’ असे म्हणत. साठ वर्षांपूर्वी गेलेली तीन मुले त्या मोजणीत असत. आपण ते बोलणे जुन्या वळणाचे म्हणून हसून ऐकले. त्यात किती न बोललेले साठवलेले होते हे आता उमगते.

आणि शरीराची एक गोष्ट आहे, तिचा उच्चार पुरुषांच्या समोर होत नाही म्हणून ती घरात कोणाच्या ध्यानीही येत नाही. मूल गेले तरी आईला दूध येते. अंगाला मृत्यूची वार्ता कळलेली नसते. प्रसूतीनंतर शरीरातील अंतःस्रावांत जो मोठा उतार होतो तोही मूल असो वा नसो होतोच. म्हणजे बाळंतिणीच्या सर्व वेदना आहेत, आणि ज्यासाठी त्या सोसावयाच्या ते नाही. केंद्र सरकारने २०२२ च्या सप्टेंबरात आपल्या नोकरीतील स्त्रियांसाठी असा नियम केला की, मूल मृत जन्मले किंवा जन्मानंतर अठ्ठावीस दिवसांच्या आत गेले तर आईला साठ दिवसांची विशेष प्रसूतिरजा मिळावी. आणि त्याचे कारण देताना आईच्या मनावर होणाऱ्या आघाताचा उल्लेख केला. सरकारी कचेरीला जे कळले ते घराला कळू नये, असे व्हावयाचे नाही.

‘स्वीकार’ या शब्दाविषयीही थोडे लिहिले पाहिजे, कारण तो शब्द आपण फार सैलपणे वापरतो. मृत्यू झाला हे मान्य करणे हा एक स्वीकार. आणि मृत्यू झाल्याबरोबर लोकांनी आपल्यासाठी जे काही ठरवून ठेवलेले असते ते मुकाट्याने उचलणे यालाही आपण स्वीकारच म्हणतो. या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे ज्यांच्या आयुष्याकडे पाहून आम्हांस नेहमी वाटते त्या म्हणजे रमाबाई रानडे. अकरा वर्षांच्या असताना त्यांचे न्यायमूर्तींशी लग्न झाले. घरातील बायकांचा टोमण्यांचा मारा सोसून त्या शिकल्या. १९०१ च्या जानेवारीत न्यायमूर्ती गेले तेव्हा त्या चाळिशीच्याही आत होत्या, मूलबाळ नव्हते. त्या मुंबई सोडून पुण्याच्या घरी आल्या आणि सुमारे वर्षभर लोकांत मिसळल्या नाहीत. या वर्षाविषयी चरित्रकार एखाद्या ओळीत लिहून पुढच्या कार्याकडे वळतात. आम्हांस ते वर्षच फार मोलाचे वाटते. त्या वर्षी त्यांनी काही केले नाही, आणि ते वाया गेले असे कोण म्हणेल?

वर्षानंतर त्या बाहेर पडल्या त्या विधवेसाठी समाजाने राखून ठेवलेल्या कोपऱ्यात जाऊन बसण्यासाठी नव्हे. तुरुंगातील स्त्रीकैद्यांना भेटावयास त्या जाऊ लागल्या. इस्पितळातील रोग्यांकडे फळे, फुले, पुस्तके घेऊन जाऊ लागल्या. १९०९ मध्ये पुण्याच्या सेवासदनाचा आरंभ झाला, आणि त्या संस्थेने विधवांना व परित्यक्तांना शिक्षणाची, शुश्रूषेच्या व्यवसायाची वाट खुली करून दिली. ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हे त्यांचे पुस्तक निघाले ते १९१० मध्ये, म्हणजे पतिनिधनानंतर नऊ वर्षांनी. मृत्यू त्यांनी स्वीकारला. विधवेने जगात काही करू नये हा लोकांचा निकाल त्यांनी स्वीकारला नाही. पहिला स्वीकार करण्यास त्यांना वर्ष लागले, आणि दुसऱ्याला त्यांनी जो नकार दिला त्यातून शेकडो स्त्रियांना पोटापाण्याचा आधार मिळाला. आमच्या पत्रलेखिकेने सुनेला ‘स्वीकार कर’ म्हणण्यापूर्वी आपण यांतले काय स्वीकारण्यास सांगत आहोत, हे मनाशी एकदा निश्चित करावे. मूल गेले हे त्या मुलीला कळलेले आहे. तिला न कळलेले असे त्यात काही नाही. ‘आता त्याचे नाव काढू नकोस’ हे जर त्या स्वीकारात येत असेल, तर ते तिने का स्वीकारावे?

मूल गमावून पुढे मोठी झालेली स्त्री म्हटले की आपल्याकडे डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव निघतेच. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला, तो दहा दिवस जगला. पुढे १८८३ मध्ये त्या एकट्या अमेरिकेस गेल्या आणि १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयातून पदवी घेऊन वैद्य झाल्या. चरित्रकार या दोन गोष्टींची सांगड घालतात. ती सांगड असेलही. परंतु कित्येक व्याख्याते पुढे जाऊन ‘ते मूल गेले म्हणून देशाला पहिली स्त्री-डॉक्टर मिळाली’ असे जे मोठ्या आवाजात सांगतात, ते ऐकून आमच्या अंगावर काटा येतो. जणू तो सौदा होता, आणि सौदा किफायतीचा ठरला! बरे, या हिशेबाची पुढची ओळ ते वाचीत नाहीत. परतल्यावर कोल्हापूरच्या इस्पितळात त्यांची नेमणूक झाली होती. पण ते काम त्यांच्या हातून होण्यापूर्वीच १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधी, त्या क्षयाने गेल्या. मग त्या दुःखाचा अर्थ काय लावावयाचा? आनंदीबाईंनी आपल्या वाट्याच्या आयुष्याचे जे केले ते थोर आहेच. मुलाच्या मृत्यूला मात्र त्यामुळे शोभा येत नाही, आणि ती आणू नये.

या विषयावर परदेशी ग्रंथकारांत ज्यांनी सर्वांत अधिक विचार केला आणि ज्यांना तो करण्याचा अधिकारही होता, असे एक गृहस्थ व्हिएन्नाचे मनोवैद्य डॉ. व्हिक्टर फ्रँकल. ते ज्यू होते. १९४२ मध्ये नाझींनी त्यांना, त्यांच्या पत्नीला आणि आईवडिलांना छळछावणीत नेले. १९४५ मध्ये ते सुटून परत आले तेव्हा पत्नी, आई, वडील आणि भाऊ यांतले कोणीही जिवंत उरले नव्हते. दुःखातही माणसाला अर्थ सापडू शकतो, असे त्यांनी १९४६ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात लिहिले, आणि ते जगभर वाचले गेले. परंतु त्याच पुस्तकात त्यांनी हेही बजावले आहे की, अर्थ सापडण्यासाठी दुःख आवश्यक आहे असे मुळीच नाही. जे दुःख टाळता येण्यासारखे आहे त्याचे कारण दूर करणे हेच अर्थपूर्ण काम होय, आणि ते विनाकारण सोसण्यात काही शौर्य नाही. लोक पहिले वाक्य उचलतात आणि दुसरे पुस्तकातच ठेवतात. त्यांच्याकडे एक वृद्ध डॉक्टर आले होते. पत्नी जाऊन दोन वर्षे झाली तरी त्यांचे दुःख हटत नव्हते. फ्रँकल यांनी त्यांना उपदेश केला नाही. आपण आधी गेला असता आणि पत्नी मागे राहिली असती तर काय झाले असते, एवढे विचारले. तिला फार सोसावे लागले असते, असे उत्तर त्या वृद्धाच्याच तोंडून आले. मग ते सोसणे आपण तिचे वाचवले आहे, आणि त्याचे मोल आता आपण देत आहा, इतकेच फ्रँकल म्हणाले. वृद्ध गृहस्थ हस्तांदोलन करून निघून गेले. येथे सांगणाऱ्याची चतुराई पाहण्यापेक्षा त्याचे वाट पाहणे पाहावे. विचारण्यास आलेल्या माणसाला, त्याच्याच उत्तराच्या आधाराने, दोन वाक्ये.

म्हणून आमच्या भगिनीस आमचे सांगणे असे. तूर्त सुनेला काही सांगू नये. दासबोध थोर ग्रंथ आहे. तो कपाटात ठेवावा, ती मागेल तेव्हा द्यावा. रोज थोडा वेळ तिच्या खोलीत जाऊन बसावे. भाजी निवडावयाची असेल तर ती घेऊन बसावे. बोलली तर ऐकावे, रडली तर रडू द्यावे, आणि मुलाचा विषय आपण होऊन काढण्यास भिऊ नये. तो कोणासारखा दिसत होता, हे घरातील कोणी तिला सांगितले आहे काय? नऊ दिवस त्याला आपणही मांडीवर घेतले असेल. आजीचेही काही गेले आहे. ते लपवून सुनेला धीर देण्यापेक्षा, ते तिच्यापुढे एकदा उघडे झाले तर तिला सोबत वाटेल.

तसेच ती मनातून स्वतःला दोष देत असण्याचा फार संभव आहे. जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात मुले जातात त्याची मुख्य कारणे म्हणजे अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मताना श्वास कोंडणे, जंतुसंसर्ग आणि जन्मजात व्यंग. ग्रहणात तिने काय चिरले, किंवा सातव्या महिन्यात ती जिना किती वेळा चढली, याचा त्याच्याशी संबंध नाही. ज्या डॉक्टरांनी मुलाला पाहिले त्यांच्याकडे पतीने तिच्यासह जाऊन कारण सरळ विचारून घ्यावे. आणि हो, पत्रात धाकट्या चिरंजीवांविषयी एकही ओळ नाही! तो तिसऱ्या दिवशी कामावर गेला असेल आणि संध्याकाळी वेळेवर परत येत असेल, म्हणून त्याचे ठीक चालले आहे असे समजू नये.

एक गोष्ट मात्र समजुतीच्या पलीकडची आहे. प्रसूतीनंतरचे नैराश्य हा रोग आहे, आणि त्याला औषध आहे. झोप नाही, अन्न जात नाही, कशातच मन नाही, ही अवस्था चार-चार महिने टिकली तर मनोवैद्याला दाखवावे. आम्ही वैद्य नव्हे. तरी आपल्या पत्रातील वर्णन वाचून एकदा दाखवावेच असे आम्हांस वाटते. आणि ‘मी नसते तर बरे’ अशा अर्थाचे एखादे वाक्य तिच्या तोंडून निघाले, तर त्याच दिवशी जावे. उद्यावर टाकू नये. शासनाची टेली-मानस ही दूरध्वनिसेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र मिळते. हे दाखवणे लपूनछपून करू नये. ताप आला तर आपण लपवतो काय?

आता पत्रातील दुसरा प्रश्न. थोरल्या सुनेला दिवस गेले आहेत. मुलगा झाला तर वडीलधाऱ्यांसाठी योजलेले तेच नाव त्याला ठेवावे काय, की ते अशुभ समजावे, असे सासूबाई विचारतात. नाव अशुभ नसते. ज्या सासऱ्यांचे ते आहे ते आपल्या घरात सुखाने नांदून गेले असतील. परंतु येथे आम्हांस पुन्हा डॉ. फ्रँकल आठवतात. त्यांची पत्नी गरोदर असताना, ज्यू स्त्रियांनी मूल होऊ देऊ नये या नाझींच्या सक्तीमुळे त्यांना ते मूल जन्मापूर्वीच गमवावे लागले होते. तीन तपे उलटून गेल्यावर, १९७८ मध्ये, त्यांनी आपले एक पुस्तक त्या न जन्मलेल्या मुलाला अर्पण केले. मुलगा की मुलगी हे माहीत नव्हते, म्हणून अर्पणपत्रिकेत दोन नावे आहेत, हॅरी किंवा मॅरियन. त्या अवधीत त्यांनी दुसरा संसार केला होता, त्यांना मुलगी झाली होती, जगभर कीर्ती झाली होती.

बारसे झाले नाही म्हणून त्या मुलाला नाव नाही असे आपल्या घराला वाटते. त्याच्या आईला तसे वाटत नसावे. आपल्याच पत्रात एका ओळीत आले आहे की, एकदा ती त्या नावाने त्याच्याविषयी बोलली आणि सर्व जण घाबरले. तेव्हा ते नाव आता घराचे राहिले नाही, तिचे झाले आहे. आणि ते द्यावयाचे की ठेवून घ्यावयाचे हे तिलाच, तिच्या जावेच्या देखत नव्हे, एकटीला विचारावे. ती ‘ठेवा’ म्हणेल किंवा ‘नको’ म्हणेल, आणि जे म्हणेल ते मानावे. कदाचित आज काहीच म्हणणार नाही. त्याने अडत नाही. थोरल्या सूनबाईंचे दिवस भरण्यास, आपण लिहिता त्यावरून, अजून तीन महिने आहेत.